गांबियाला शिकवायला जायचंय? आधी थोडं ऐकून घ्या

मार्च-एप्रिल आला की डी.एड., बी.एड. झालेली आमची जुनी मुलं-मुली मोबाईल घेऊन येतात. त्यात एक जाहिरात असते. निळा समुद्र, वाळूत ओढून ठेवलेल्या रंगीत होड्या, मातीच्या अंगणात हसणारी पंधरा-वीस मुलं आणि त्यांच्या मधोमध टी-शर्ट घातलेले पाहुणे. खाली लिहिलेलं असतं की आफ्रिकेत चार आठवडे स्वयंसेवक म्हणून शिकवा, जग बघा, प्रमाणपत्र मिळवा. मग प्रश्न येतो, "सर, सफरही होईल आणि खिदमतही होईल. जाऊ का?"

या प्रश्नाचं उत्तर आम्ही एका शब्दात देत नाही. कारण अशाच जाहिरातीवरून आम्ही तिघे शिक्षक, दोघे उर्दू माध्यमाचे आणि एक मराठी माध्यमाच्या मॅडम, मे महिन्याच्या सुट्टीत गांबियाला जाऊन आलो आहोत. चार गोष्टी चांगल्या झाल्या, चार आमच्याच हातून चुकल्या. त्या चुकलेल्या गोष्टी सांगितल्या तर पुढे जाणाऱ्यांचे पैसे आणि तिथल्या मुलांचा वेळ वाचेल, म्हणून हे लिहितोय.

आधी देश समजून घ्या. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगल आहे आणि सेनेगलच्या पोटात, अटलांटिक समुद्रापासून आत, एका नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली चिंचोळी पट्टी म्हणजे गांबिया. तीन बाजूंनी सेनेगल, चौथ्या बाजूला सुमारे ८० किलोमीटरचा किनारा. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा हा सगळ्यात लहान देश. आपल्या मापाने सांगायचं तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून जेवढे होतात त्याहून लहान. आणि गंमत बघा, २०११ च्या जनगणनेत या दोन जिल्ह्यांची मिळून जेवढी लोकसंख्या होती साधारण तेवढीच, म्हणजे चोवीस लाखांच्या आसपास, या अख्ख्या देशाची आहे. नकाशा असा विचित्र का, तर इंग्रजांनी नदी धरून ठेवली आणि आजूबाजूचा सगळा मुलूख फ्रेंचांनी घेतला. सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच मंडिंका, वोलोफ, फुला माणसं, तेच नातेवाईक, पण एकीकडे शाळा इंग्रजीत आणि दुसरीकडे फ्रेंचमध्ये. १८ फेब्रुवारी १९६५ ला देश स्वतंत्र झाला. राजधानी बांजुल, जिचं इंग्रजांनी ठेवलेलं नाव बाथर्स्ट होतं.

नदीच्या मुखापासून थोडं आत एक लहानसं बेट आहे, कुंटा किंते बेट. माणसं साखळीत बांधून अमेरिकेकडे पाठवायच्या व्यापारात या बेटावरचा किल्ला होता. २००३ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बेट झिजत चाललंय, किल्ल्याच्या भिंती पडक्या आहेत. आम्ही पलीकडच्या काठावरून ते नुसतं बघितलं. आपल्याकडे सुवर्णदुर्ग समुद्रात उभा दिसला की छाती फुगते. हा किल्ला बघून कुणी काही बोललं नाही.

लोकसंख्येतले सुमारे ९५ टक्के लोक मुसलमान आहेत. आपल्या वाचकांना इथेच जास्त रस असेल हे माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिथला फिकह मालिकी आहे. आम्ही कोकणातले शाफई. पहिल्याच जुम्याला सफमध्ये उभे राहिलो तर शेजारचे बरेच लोक हात सोडून नमाज पढत होते. पुस्तकात वाचलेलं असलं तरी प्रत्यक्षात बघितल्यावर क्षणभर बिचकायला झालं. नावं आधी परकी वाटतात, मग एकेक उलगडत जातात. फातुमाता म्हणजे आपली फातिमा. एब्रिमा म्हणजे इब्राहीम. मोमोदू, मामादू म्हणजे मुहम्मद. आणि लामिन म्हणजे अल-अमीन. मंडिंका घरात थोरल्या मुलाचं नाव लामिन ठेवायची इतकी पद्धत आहे की एका वर्गात "लामिन" अशी हाक मारली तर पाच जण उभे राहिले. मंडिंका भाषेत आभार मानायला "अबराका" म्हणतात. त्यात आपली बरकत दडलेली आहे. बाळाचं बारसं सातव्या दिवशी, अकिक्यासारखंच, जनावर कापून आणि शेजाऱ्यांना जेवू घालून करतात. बकरी ईदला तिथे तोबास्की म्हणतात. आम्ही होतो तेव्हा ती जवळ आली होती, रस्त्याच्या कडेला मेंढे बांधलेले आणि भावावरून घासाघीस चाललेली. त्या वेळी अगदी घरी असल्यासारखं वाटलं.

२०१९ मध्ये या देशाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. रोहिंग्यांच्या संहाराबद्दल म्यानमारविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला दाखल केला तो गांबियाने. मोठमोठ्या श्रीमंत मुस्लिम देशांच्या रांगेत हे काम या चिमुकल्या देशाने अंगावर घेतलं, इस्लामी सहकार्य संघटनेचा पाठिंबा घेऊन. तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तांबादू यांनी पुढाकार घेतला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणासाठी म्यानमारला तात्पुरते आदेश दिले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण जाहिरातीतल्या फोटोत गांबिया फक्त हात पसरलेला दिसतो.

आता शाळेकडे येतो. ब्रिकामा नावाचं मोठं गाव आहे, शिक्षक घडवणारं गांबिया कॉलेज तिथेच आहे. त्याच्या आसपासच्या एका खेड्यात आमची शाळा. पहिली ते सहावी, ज्याला तिथे लोअर बेसिक म्हणतात. वर्गखोल्या कमी, त्यामुळे दोन पाळ्या. सकाळची मुलं घरी जातात आणि त्याच बाकांवर दुपारची येऊन बसतात. आमच्या जिल्ह्यातही अशा पाळ्या बघितल्यात, त्यामुळे नवल वाटलं नाही.

पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी आम्हाला चौथीच्या वर्गात नेलं. वर्गशिक्षक तिशीतले, कॉलेजात रीतसर शिकलेले. पाहुणे आले म्हणून ते अदबीने बाजूला झाले आणि हजेरीपट घेऊन मागच्या बाकावर बसले. आम्ही सुरू केलं. टाळ्या, गाणी, अपूर्णांकाचे खेळ. मुलं खूश. आम्हीही खूश, फोटोही काढले. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी दुपारी ते शिक्षक आमच्यासोबत आंब्याखाली बसले होते. (आंबे तिथे मे महिन्यात लगडलेले असतात. हापूस नव्हे, पण वाईट म्हणवत नाही.) त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं, "मुलांना तुम्ही आवडता. पण तुमचं इंग्रजी त्यांना निम्मंच कळतं. मी मागे बसून मंडिंकात सांगत असतो. आणि तुम्ही गेलात की हा धडा मला पुन्हा घ्यावा लागेल. परीक्षा जवळ आहे."

आम्ही तिघे गप्प. वीस-वीस वर्षं नोकरी केलेली माणसं आम्ही. आमच्या स्वतःच्या वर्गात कुणी परदेशी पाहुणा महिनाभर येऊन शिकवू लागला असता तर आम्ही काय म्हटलं असतं? शिक्षण विभागाचा एक अधिकारी अर्धा तास मागे बसला तरी आमचा धडा बिघडतो.

दुसरी चूक त्याहून बावळट. घरून निघताना आम्ही हौसेने स्थानिक किमतीचे मोठे तक्ते करून, लॅमिनेशन करून, नळकांड्यात घालून नेले होते. एकक, दशक, शतक, हजार, दहा हजार, लाख. पाचवीच्या बाईंनी तक्ता भिंतीवर लावला, जरा वेळ बघितला आणि विचारलं, "हा स्वल्पविराम इथे का दिलाय?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिथे लाख-कोटी नाही. तिथे हजारानंतर दहा हजार, शंभर हजार आणि मग दशलक्ष, तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम. आमचे तक्ते तिथे लावले असते तर मुलांचं गणित बिघडलं असतं. गुंडाळून परत नळकांड्यात घातले. शाळेच्या कपाटातही अशाच चांगल्या मनाने दिलेल्या वस्तू कुलपात होत्या: बर्फ, लोकरीचे मोजे आणि शेकोटीच्या गोष्टींची पुस्तकं. ज्या मुलांनी आयुष्यात गारठा बघितला नाही त्यांच्यासाठी.

त्यानंतर आम्ही वर्गात उभं राहणं बंद केलं. दुसरी पाळी सुटली की शिक्षकांसोबत बसायचो. आणि तिथे, खरं सांगतो, आम्ही जेवढं दिलं त्याहून जास्त घेतलं. आमच्या उर्दू शाळेत मूल घरी कोकणी किंवा दखनी बोलतं, शाळेत उर्दू शिकतं, मग मराठी, मग इंग्रजी. गणिताचा प्रश्न चुकतो तो पुष्कळदा गणितामुळे नाही, भाषेमुळे. तिथेही तेच. एका वर्गात मंडिंका, वोलोफ, फुला, जोला घरांतली मुलं, पुस्तक इंग्रजी, आणि संध्याकाळी मजलिसमध्ये कुरआनसाठी अरबी. तिथला शिक्षक एकाच तासात दोन-तीन भाषांमध्ये सहज ये-जा करतो आणि त्याची त्याला लाज वाटत नाही. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी वर्गात घरची बोली बोललं की मूल दटावलं जातं. आम्हीही दटावलंय. शाब्दिक उदाहरणांतली वाक्यं कशी तोडायची, शेंगदाण्याच्या टरफलांवर अपूर्णांक कसे दाखवायचे, एवढंच आम्ही दिलं. शेंगदाणा तिथे बक्कळ, ते त्या देशाचं मुख्य नगदी पीक. त्याच्या कुटाची दाट आमटी करून भातावर घालतात, तिला डोमोडा म्हणतात. आपल्या दाण्याच्या आमटीची थोरली बहीण म्हणा, फक्त त्यात मांस किंवा मासे असतात.

ज्या संस्थेमार्फत गेलो तिचं नाव घेत नाही. तिकिटाचे माणशी लाखाच्या पुढे गेले, ते वेगळे. संस्थेने आठवड्याच्या हिशोबाने फी घेतली. त्यातले शाळेला किती जातात असं आम्ही हेडमास्तरांना एकदा विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही आलात ना, तेच." आम्ही ज्या घरी राहिलो त्या घराला जेवणखर्च मिळत होता, शाळेला काही नाही. हा प्रश्न आम्ही पैसे भरण्याआधी विचारायला हवा होता. आमच्याकडे साधी शिलाई मशीन घेतानाही दहा दुकानं फिरतात, आणि इथे आम्ही फोटो बघून भुललो.

अनाथाश्रमाच्या जाहिरातींबद्दल मात्र आमचं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. यतीमच्या डोक्यावरून हात फिरवण्याचं सवाब आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, म्हणून आपला माणूस इथे पटकन फसतो. कंबोडियात पाहणी झाली तेव्हा अशा आश्रमांतल्या जवळपास तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं निघालं. पाहुणे पैसे देतात म्हणून आश्रम उघडतात, आणि आश्रम भरायचे म्हणून गरिबाघरची मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली गेली. शिवाय दर महिन्याला नवा 'दादा' आणि नवी 'ताई' येते, जीव लावते आणि निघून जाते, त्याचं मुलाच्या मनावर काय होतं ते कुठल्याही पहिलीच्या शिक्षकाला विचारा. आणि ज्या ठिकाणी तुमच्याकडे चारित्र्याचा पोलीस दाखला न मागता थेट मुलांजवळ जाऊ देतात, ती जागा मुलांसाठी सुरक्षित नाही एवढं समजून चाला. गांबियाने पर्यटकांकडून मुलांचं शोषण होतं म्हणून २००३ मध्ये स्वतंत्र कायदा केलेला आहे, यावरून काय ते ओळखा.

आता जे सांगायचं ते जड आहे. तिथे संध्याकाळी अत्ताया नावाचा हिरवा चहा करतात. छोट्या किटलीत कोळशावर उकळून, पेल्यातून पेल्यात उंचावरून ओतून, तीन फेऱ्यांत पितात. पहिली फेरी कडू, पुढच्या गोड होत जातात, दोन तास सहज जातात. एका संध्याकाळी शेजारच्या घरातली एक वयस्क बाई येऊन बसली. तिने आमच्या यजमानांच्या मुलाला मंडिंकात काही विचारलं. तो भाषांतर करायला कचरला. आम्हीच आग्रह केला. तिने विचारलं होतं, "हे त्या औषधाच्या देशातले का?"

२०२२ मध्ये गांबियात लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली. सुमारे ७० मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. ५ ऑक्टोबर २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने चार सिरपबद्दल जगभर इशारा दिला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल ही विषारी रसायनं सापडली होती. चारही सिरप भारतातल्या एका कंपनीत बनलेली. आपल्या सरकारने तपासलेले नमुने ठीक असल्याचं सांगितलं. पण गांबियाचं आरोग्य खातं आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था यांच्या तपासात या मृत्यूंचा संबंध दूषित औषधाकडेच जोरकसपणे दाखवला गेला. काही आईबाप न्यायालयात गेले. खोकला-तापाची बाटली, जी आपण मेडिकलमधून डोळे झाकून आणतो. त्या वेळी आलेलं औषध तपासायला त्या देशात स्वतःची प्रयोगशाळासुद्धा नव्हती.

आम्ही काय बोलणार? कंपनी आमची नव्हती, सरकारी अहवाल असा आहे, असं काहीही त्या बाईसमोर तोंडातून निघालं नाही. मॅडमनी फक्त इन्ना लिल्लाही म्हटलं. ते तिला कळलं, भाषांतर लागलं नाही. तिने मान हलवली. तिच्या घरातलं कुणी गेलं होतं की गावातलं, ते आम्ही विचारलं नाही. चहाची तिसरी फेरी झाली तेव्हा पहिला पेला तिने आमच्याकडे सरकवला.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते आणि ती कडक शब्दांत सांगतो. औषधांची पिशवी भरून वाटायला नेऊ नका. आपल्याकडून सेवेला जाणारे बरेच जण पॅरासिटामॉल, खोकल्याची सिरप, जंताच्या गोळ्या नेतात. तुम्ही डॉक्टर नाही. तिथे सरकारी दवाखाना आहे, परिचारिका आहेत. स्वतःपुरतं औषध, चिठ्ठीसकट न्या, बस्स.

स्वतःसाठी काय लागतं तेही सांगून टाकतो. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यायची, मुंबईत ती मिळते. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. परत येताना भारतात ते मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवतात. मलेरिया तिथे आहे, डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या सुरू करा आणि परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्या. आमच्यातल्या एकाने परतल्यावर दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडल्या, त्याचं नाव लिहीत नाही. थेट विमान नाही, इस्तंबूल किंवा कासाब्लांकाकडून बदलून जावं लागतं. गांबियासाठीचं भारतीय दूतावासाचं काम सेनेगलमधल्या डकारहून चालतं, तिथला नंबर घरच्यांजवळ देऊन जा. पाऊस जून ते ऑक्टोबर. आपल्या सुट्टीत गेलात तर मे महिन्याचा उकाडा झेलायची तयारी ठेवा, आत नदीकाठच्या गावांत तो जास्तच असतो. गावात फिरायला गेले-गेले नावाची वडाप असते, भरल्याशिवाय सुटत नाही. कपडे अंगभर. जेवण एका मोठ्या परातीत, सगळे गोल बसून, उजव्या हाताने, आपल्या समोरचाच घास घ्यायचा. हा अदब आपल्याला शिकवावा लागत नाही.

सलाम मात्र निवांत करायला शिका. तिथे "अस्सलामु अलैकुम" म्हणून पुढे निघून गेलं की माणूस उद्धट ठरतो. घरचे कसे आहेत, रात्र कशी गेली, काम कसं चाललंय, सगळं विचारायचं. वोलोफमध्ये "नांगा देफ?" विचारलं की उत्तर येतं, "मांगी फी रेक", म्हणजे मी आहे इथेच. शाळेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घाईत थेट कामाचं बोलायचो, त्याचा शिक्षकांना राग यायचा हे खूप नंतर कळलं.

तरुण पोरं भेटतील, ती तुमच्याशी दोस्ती करतील, आणि एक दिवस व्हिसाबद्दल विचारतील. सहारा आणि समुद्र ओलांडून युरोपात चोरवाटेने जाण्याला तिथे 'बॅकवे' म्हणतात. बरेच जण पोचत नाहीत. आमच्या यजमानांचा एक मुलगा गेलेला होता, पोचला, पैसे पाठवतो. त्याच्या पैशातून घराला पत्रे बसलेत. कोकणातली अर्धी घरं आखाती पैशावर उभी आहेत, आम्ही त्यांना काय शहाणपण शिकवणार. पण खोटी आशा लावू नका. "बघतो, प्रयत्न करतो" हे आपलं गोड वाक्य तिथे वचन समजतात.

तर मुलांनो, अजूनही जायचं असेल तर संस्थेला पैसे भरण्याआधी शाळेशी थेट बोला. हेडमास्तरांना विचारा की तुम्हाला काय हवंय, कधी हवंय, आणि आम्ही आलोच नाही तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. चार आठवड्यांत वर्ग शिकवायचा हट्ट धरू नका, शिक्षकांसोबत बसा. वर्षभर राहायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा भाषा शिकूनच जा. आणि तिकिटाएवढी रक्कम हाताशी आहे पण सुट्टी कमी आहे, असं असेल तर आपल्याच तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेत महिनाभर जाऊन बघा. तिथेही गरज आहे, पीतज्वराची लस लागत नाही, फक्त फोटो तेवढे चांगले येत नाहीत.

आमचे ते लॅमिनेशन केलेले तक्ते विमानाने जाऊन-येऊन आता आमच्या पाचवीच्या वर्गात लागलेत. पाचवीच्या बाईंचा अधूनमधून मेसेज येतो. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं होतं की दशलक्ष म्हणजे तुमचे किती लाख. दहा, असं कळवलं. त्यावर त्यांनी त्यांच्या मुलांनी टरफलांनी केलेला एक दशमानाचा तक्ता पाठवला, स्वल्पविराम बरोबर जागी.